शेवट राखून

बसवनगुडीच्या कोपऱ्यावरून सुटणारी कारखान्याची बस जलहळ्ळीच्या बाजूच्या फाटकापाशी पोचायला १९७६ साली जवळजवळ पाऊण तास घेई. मिरजेहून नोकरीसाठी नुकताच बंगळूरला आलेला तेवीस वर्षांचा एक मराठी तरुण त्या बसमध्ये रोज पुस्तक उघडून बसे. पुस्तकाला वर्तमानपत्राच्या कागदाचे कव्हर असे. ते घालण्यामागे पुस्तकाची काळजी हे कारण नव्हते. मुखपृष्ठावर पिस्तूल रोखून उभा असलेला मुखवटाधारी पुरुष कुणाच्या दृष्टीस पडू नये, एवढाच हेतू होता. पुस्तक बाबूराव अर्नाळकरांचे होते. त्याचे वडील शाळामास्तर. खांडेकर-फडके उघडपणे वाचायचे आणि अर्नाळकर उशीखाली ठेवायचे, ही रीत त्याने घरातूनच बरोबर आणली होती.

शेजारच्या जागेवर बसणारे गृहस्थ वयाने वीसेक वर्षांनी मोठे होते. मूळचे तुमकूरकडचे, हिशेबखात्यात कारकून, कपाळावर गंधाची बारीक रेघ, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी. ते त्याला 'राव' म्हणत आणि तो त्यांना 'स्वामी' म्हणे. त्या मुलखात ओळख नसलेल्या माणसांचे एवढ्यावर सहज भागते. पहिले दोन महिने या दोन शब्दांपलीकडे संभाषण गेले नाही. एके सकाळी कव्हरचा कागद फाटला आणि पिस्तूल बाहेर आले. स्वामींनी चित्राकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले आणि हिंदी, इंग्रजी, कन्नड यांच्या मिश्रणात विचारले, "कुणाचा खून?"

उपहासाची अपेक्षा धरून बसलेल्या तरुणाला त्या प्रश्नातली उत्सुकता ओळखायला क्षणभर वेळ लागला. तो उत्तर देण्याच्या आतच स्वामींनी डब्याच्या पिशवीतून आपले पुस्तक काढले. त्यालाही कागद होता, 'प्रजावाणी'चा. आत एन. नरसिंहय्यांची कादंबरी होती.

नरसिंहय्या म्हणजे कन्नडचे अर्नाळकर, असे म्हटले तर दोन्हीकडचे चाहते रागावणार नाहीत. फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या या माणसाने पोटासाठी नाना कामे करीत पाचशेहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या पुरुषोत्तम, मधुसूदन, अरिंजय या गुप्तहेरांवर कर्नाटकातील एक पिढी वाढली. इकडे अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली आणि झुंजार, धनंजय, काळा पहाड ही नावे महाराष्ट्रातल्या पोरासोरांच्या तोंडी रुळवली. दोघांच्याही वाट्याला अफाट वाचक आले आणि समीक्षेच्या ग्रंथांत जेमतेम एखादी ओळ आली. त्यामुळे या पुस्तकांचा प्रसार परीक्षणांतून कधी झालाच नाही. तो कुजबुजीतून झाला. वाचनालयाच्या फळीवरून, वर्गातल्या मागच्या बाकावरून, एका हातातून दुसऱ्या हातात झाला. 'हे वाच' असे कुणीतरी कुणाला तरी सांगितले, एवढाच त्या साहित्याचा इतिहास आहे.

कन्नडमध्ये अशा पुस्तकाला 'पत्तेदारी कादंबरी' म्हणतात, हे स्वामींनी सांगितले तेव्हा त्या तरुणाला हसू आले. पत्ता लागणे, पत्ता लावणे हे प्रयोग करणाऱ्या मराठी माणसाला 'पत्तेदार' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'कादंबरी' तर दोन्ही भाषांत एकच. भारतातल्या इतर भाषांनी 'उपन्यास', 'नवलकथा' असे शब्द घेतले. मराठीने आणि कन्नडने मात्र बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. त्या मूळ 'कादंबरी'चा शेवट बाणाच्या हातून लिहिला गेलाच नाही. तो मध्येच वारला आणि उरलेली कथा त्याच्या मुलाने पुरी केली. ज्या ग्रंथावरून दोन भाषांनी हा शब्द उचलला, तोच अर्ध्यावर सुटलेला असावा, ही गोष्ट पुढे त्या दोघांना अनेकदा आठवली.

एखादे पुस्तक दुसऱ्याला सुचवणे एरवी सोपे असते. ते पुढे करावे, 'वाचून बघा' म्हणावे आणि मोकळे व्हावे. इथे ती सोय नव्हती. स्वामींना देवनागरी अक्षरे हिंदीपुरती लागत, पण मराठी कळत नसे. त्याला कन्नड लिपी म्हणजे जिलब्यांची परात वाटे. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळातून तो जी पुस्तके आणी, ती स्वामींच्या हाती देऊन उपयोग नव्हता. तेव्हा सुचवायचे म्हणजे सांगायचे, हे ठरूनच गेले. एक आठवडा त्याने सांगायचे, दुसरा आठवडा स्वामींनी. सकाळच्या फेरीत कथा पुढे सरके. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत, बसच्या धक्क्यांबरोबर, कुणावर संशय घ्यावा याची चर्चा चाले.

सांगण्याच्या या उद्योगात त्याचे अज्ञान लवकरच उघडे पडले. तो आरंभालाच 'विलक्षण', 'थरारक', 'अंगावर काटा आणणारी' अशी विशेषणे वापरून मोकळा होई. महाराष्ट्रात ती पुस्तकांच्या मलपृष्ठांवर छापलेली असत आणि त्याला ती खरी वाटत. स्वामी ऐकून घेत आणि शांतपणे विचारत, "खोलीला दारे किती?" त्याला ते आठवत नसे. मग स्वामी त्या दिवशीचा हप्ता तिथेच थांबवायला लावत. दुसऱ्या दिवशी तो दारे मोजून येई. स्वतः स्वामी कथा सांगत, तेव्हा चांगले-वाईट काहीच म्हणत नसत. आधी जागा उभी करीत: घर कुठे आहे, पायऱ्या किती, दिवा कुणी लावला, कुत्रे का भुंकले नाही. माणसे मागाहून येत. बसमधले मागच्या-पुढच्या बाकांवरचे लोक हळूहळू कान देऊ लागले. एकदा तर गाडी फाटकात शिरल्यावर चालकाने इंजिन बंद न करता मान वळवून वाट पाहिली होती.

"राव, जेवण फार चांगले झाले आहे असे पान वाढण्याआधी सांगू नये," असे स्वामी एकदा म्हणाले. त्यानंतर त्याने विशेषणे सोडली.

त्यांचा दुसरा नियम अधिक कडक होता. शेवटचे प्रकरण सांगायचे नाही. कथा जिथे गाठीवर येईल तिथे पुस्तक मिटायचे. ऐकणाऱ्याने आपला तर्क लढवावा. बरोबर असेल तर सांगणाऱ्याने 'हो' म्हणावे, चुकला असेल तर गप्प बसावे. "शेवट लेखकाचा आहे. तो आपण परस्पर कसा वाटायचा?" असा स्वामींचा सवाल होता. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचे 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना शेवट बाहेर फोडू नका अशी विनंती केली जाते, हे त्या दोघांपैकी कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हते. हिचकॉकने १९६० साली 'सायको'साठी हीच विनंती जाहिरातींतून केली होती, तीही त्यांच्या कानावर आलेली नव्हती. एका हिशेबनीसाने केवळ व्यवहाराच्या सचोटीतून हा नियम काढला होता. दुसऱ्याची ठेव आपल्या खात्यातून खर्च करायची नाही, इतकेच त्याचे तत्त्व.

परिणाम असा झाला, की पाचसहा वर्षांत त्या तरुणाच्या डोक्यात पंचवीस-तीस कन्नड रहस्ये न उलगडता साचून राहिली. काहींत त्याचा तर्क खरा ठरला होता; बहुतेकांत स्वामी गप्प बसले होते.

१९८२ साली कर्नाटकात गोकाक चळवळ पेटली. ज्या विनायक कृष्ण गोकाकांच्या अहवालावरून ती उभी राहिली, त्यांनी एके काळी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात अध्यापन केले होते; मिरजेच्या माणसाला ते नाव परके नव्हते. शाळेत कन्नडला पहिले स्थान मिळावे या मागणीसाठी राजकुमार रस्त्यावर उतरले आणि बंगळूरचे चौक माणसांनी भरून गेले. बसमधली हवाही बदलली. बेळगावचा प्रश्न धुमसत होताच. "सहा वर्षे आमचे पाणी पिता, अक्षर ओळखता येत नाही का?" असे मागच्या बाकावरून एक तरुण सहकारी म्हणाला. तो बोलला ते कडवट होते, खोटे नव्हते. मराठी माणसाला उत्तर सुचले नाही. स्वामीही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टी. के. रामराव यांची एक रहस्यकादंबरी आणली. हे रामराव म्हणजे ज्यांच्या कादंबरीवरून १९७२ साली 'बंगारद मनुष्य' हा चित्रपट निघाला आणि केम्पेगौडा रस्त्यावरच्या स्टेट्स चित्रगृहात दोन वर्षे चालला, तेच. नायकाने गावी जाऊन शेती करावी असे सांगणारी ती कथा लिहिणारा माणूस एरवी खुनांची आणि बेपत्ता माणसांची कोडी घाली, याचे महाराष्ट्रात नवल वाटले असते. स्वामींनी ती कादंबरी पाच दिवस सांगितली. सहाव्या दिवशी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवले, वर पहिलीचे कन्नड अंकलिपीचे पुस्तक ठेवले आणि म्हणाले, "शेवट यात आहे. वाचून घ्या."

त्याला चार महिने लागले. आधी बसच्या पाट्या लागू लागल्या, मग दुकानांच्या, मग 'प्रजावाणी'चे मथळे. पुढे शेवटच्या प्रकरणातले एकोणीस पाने एकेका अक्षरावर बोट ठेवून तो वाचत गेला. खुनी कोण हे सतराव्या पानावर कळले, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला जवळ कुणीच नव्हते. भाषा शिकण्याची कारणे लोक मोठी मोठी देतात. त्याचे कारण एवढेच होते, आणि ते त्याला कधी कमीपणाचे वाटले नाही.

या दोन भाषांत अशी देवघेव फार जुनी आहे. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या गळगनाथांनी कन्नडमध्ये नेल्या आणि पुस्तकांचे गाठोडे घेऊन ते गावोगाव फिरत, अशी आठवण कर्नाटकात आजही आवर्जून सांगतात. उलट दिशेने पाहिले तर भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी आठवतात. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून ध्वनिफितीवर मुद्रित करीत आणि त्या तो ऐकून मराठीत उतरवीत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याच्या मुळाशीही घरातल्या एका माणसाने दुसऱ्याला 'हे ऐक' म्हणणे होते. अर्थात आपटे आणि भैरप्पा प्रतिष्ठित लेखक. अर्नाळकर आणि नरसिंहय्या यांच्यासाठी असा पूल कुणी बांधला नाही. त्यांना कारखान्याची बस पुरली.

कन्नड येऊ लागल्यावर त्याची भूक वाढली. पगाराच्या शनिवारी तो चर्च स्ट्रीटच्या परिसरातल्या 'प्रीमियर' या दुकानात जाऊ लागला. टी. एस. शानभाग यांनी १९७१ साली सुरू केलेले हे दुकान म्हणजे पुस्तकांच्या ढिगांमधून सोडलेली एक अरुंद वाट होती. मुंबईत 'स्ट्रँड बुक स्टॉल' चालवणाऱ्या टी. एन. शानभागांचे हे पुतणे. पुस्तक विकणे हा त्यांच्या घरचाच धर्म. छतापर्यंत गेलेल्या चळतीतून हवे ते पुस्तक, वरची चळत न कोसळू देता, शानभागच काढू जाणत. ते बोलत थोडे. गिऱ्हाईक काय उचलते, काय ठेवून देते, हे पाहत आणि चारदोन खेपांनंतर एखादे पुस्तक न बोलता पुढे सरकवीत. सिमेनॉन त्याच्या हाती तसाच आला. 'हे का दिलेत?' असे विचारण्याची पाळी आली नाही. २००९ साली ते दुकान बंद झाले. शानभाग २०२१ मध्ये गेले. बंगळूरमध्ये आज पुस्तकांची दुकाने पुष्कळ आहेत आणि चांगली आहेत, पण गिऱ्हाइकाला पुस्तक आवडले नाही तर तो दोष आपला, असे मानणारा दुकानदार विरळाच.

१९८९ साली सुनीलकुमार देसाई यांचा 'तर्क' हा चित्रपट आला. कन्नड चित्रपटात गाणे नाही ही कल्पनाच तेव्हा प्रेक्षकांना सहन होण्यासारखी नव्हती. 'तर्क'मध्ये एकही गाणे नव्हते. नायक शंकर नाग. शंकर नागांबद्दल त्या मराठी माणसाला विशेष जिव्हाळा होता. ते मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले. चाफेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता. दूरदर्शनवरचे 'मालगुडी डेज' तर त्यांनीच घडवले. आपल्याकडचा मुलगा इकडे येऊन मोठा झाला, असा काहीसा भाव त्याच्या मनात असे. शंकर नाग मूळचे होन्नावरकडचे, त्यांची मातृभाषा कोकणी, ही गोष्ट तो सोयीस्करपणे विसरे.

रविवारी त्याने 'तर्क' पाहिला. सोमवारी सकाळी तो बसमध्ये सांगू लागला. घर, रात्र, एकटी बाई, दारावरची थाप: सारे स्वामींच्या पद्धतीने. दारेही मोजली. बस यशवंतपूरला रेल्वेच्या फाटकापाशी थांबली होती. लांबलचक मालगाडी चालली होती आणि वेळ भरपूर होता. कदाचित त्या वेळेनेच घात केला. कथा गाठीवर आली आणि तो थांबला नाही. एवढी वर्षे सांभाळलेला नियम एका वाक्यात मोडून त्याने शेवट सांगून टाकला.

स्वामी खिडकीबाहेर पाहत होते. मालगाडी संपली, फाटक उघडले, बस हलली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "शनिवारची तीन तिकिटे काढली होती."

त्यांची मुलगी आईबरोबर जाऊन आली. ते गेले नाहीत. मंगळवारी ते बसमध्ये तीन बाक पुढे जाऊन बसले आणि पुढचे कित्येक महिने तिथेच बसत राहिले. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. त्याने दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा स्वामी "इरली, राव," म्हणजे 'असू द्या', एवढेच म्हणाले. कुणी ऐकले तर हसेल, एका सिनेमाच्या शेवटावरून मैत्री तुटते काय! त्याला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसेना. तेरा वर्षे ज्या माणसाने आपल्याला एकही शेवट सांगितला नाही, ज्याने न सांगितल्यामुळे आपण एक भाषा वाचायला शिकलो, त्याच्या हातचे आपण हिसकावून घेतले होते. सांगण्याच्या भरात ऐकणारा दिसेनासा झाला होता. आपण किती छान सांगतो आहोत, हेच त्या क्षणी त्याला ऐकू येत होते.

३० सप्टेंबर १९९० रोजी, रविवारी पहाटे, दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय पस्तीस. सोमवारी बसमध्ये कुणी बोलत नव्हते. बसवनगुडीच्या थांब्यावर स्वामी चढले, आपल्या बाकापाशी क्षणभर थबकले आणि मागे येऊन जुन्या जागेवर बसले. जलहळ्ळी येईपर्यंत दोघे गप्प होते. उतरताना स्वामी म्हणाले, "तो सिनेमा अजून पाहिला नाही." त्यात तक्रार होती, की नुसती नोंद, हे त्याला ठरवता आले नाही. त्याच वर्षअखेर स्वामी निवृत्त झाले.

पुढची वर्षे रविवारच्या भेटींवर गेली. गांधीबाजारात भाजी घेऊन तो त्यांच्या घरी टेके, कॉफी होई, आणि कथा सुरू होत. आता सांगण्याची गरज राहिलेली नव्हती, पुस्तकच देता येई. तरी सांगणे सुटले नाही. तेजस्वींची 'जुगारी क्रॉस' स्वामींनी त्याला दोन रविवार सांगितली आणि तिसऱ्या रविवारी त्याच्या हातात ठेवली. मराठीतून धारपांचा समर्थ त्यांच्या घरात शिरला आणि स्वामींच्या पत्नीने रात्री न्हाणीघराकडचा दिवा जळता ठेवायला सुरुवात केली.

शहर बदलत होते. एका गावात चारपाच भाषांचे चित्रपट एकाच वेळी चालतात, याचा बंगळूरकरांना अभिमान असतो. त्याचा त्रासही त्यांनाच भोगावा लागतो. २०१३ च्या अखेरीस मल्याळम 'दृश्यम' इथल्या चित्रगृहांत आला. पुढल्या वर्षी तो कन्नडमध्ये 'दृश्य' म्हणून आला, आणि २०१५ मध्ये मराठी दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी केलेला हिंदी 'दृश्यम' गोव्याच्या पार्श्वभूमीवर आला. एकच रहस्य तीनदा राखायचे होते. ज्यांनी पहिल्या खेपेस पाहिले त्यांनी दोन वर्षे तोंड शिवून बसणे भाग होते. आश्चर्य असे, की बरेच लोक बसले. कचेऱ्यांत, बसथांब्यांवर, 'पाहा, पण काही विचारू नका' एवढेच बोलले गेले. स्वामींच्या नियमाला शहरभर अनुयायी होते, फक्त त्यांना एकमेकांची ओळख नव्हती.

शेवट राखून सांगितलेली कथा कुठवर जाते याचे उदाहरण मराठीतच आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती भीती त्यांच्या मनातून गेली नाही. तिच्यातून २०१८ साली 'तुंबाड' उभा राहिला. धारपांची ती 'आजी' ही कथाही स्टीफन किंगच्या कथेवरून स्फुरलेली. अमेरिकेतली म्हातारी पुण्यात आली, पुण्यातून विदर्भाच्या जंगलात गेली आणि पडद्यावर येईपर्यंत तिचे रूप ओळखू येईनासे झाले. तो चित्रपट पहिल्या खेपेस बेताचाच चालला. ज्यांनी पाहिला ते सांगत राहिले, आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक खेचले. सहा वर्षे त्याची जाहिरात म्हणजे लोकांचे बोलणे होते. आज घरातला दूरचित्रवाणी संचच पुढे काय पाहावे ते सुचवतो, आणि पुष्कळदा बरे सुचवतो. त्याला प्रेक्षकाने काय पाहिले ते ठाऊक असते; कुणाचे कशावरून बिनसले होते ते ठाऊक नसते.

२०१९ च्या पावसाळ्यातला एक रविवार. स्वामी सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते. दोनतीन वर्षांपासून त्यांची स्मृती विरत चालली होती. जुने प्रसंग लख्ख, परवाचे पुसट, आणि मधली काही वर्षे कुठेच नाहीत. नरसिंहय्यांच्या कादंबऱ्या ते पुन्हापुन्हा वाचत आणि प्रत्येक वेळी शेवटाला चकित होत. त्यांच्या मुलीला, जी आता स्वतः पन्नाशीकडे झुकली होती, याचे वाईट वाटे. त्याला मात्र एखाद्या दुपारी त्यांचा हेवाही वाटून जाई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

त्या दुपारी मुलीने 'तर्क' लावला. मुद्दाम लावला, की सहज, हे तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. १९८९ मध्ये आईबरोबर जाऊन आलेली ती मुलगी. तिला शेवट ठाऊक होता, त्याला ठाऊक होता, आतल्या खोलीत पडून ऐकणाऱ्या तिच्या आईलाही ठाऊक होता. स्वामी खुर्चीत पुढे सरकून बसले. शंकर नाग पडद्यावर आले तसे त्यांनी ओळखून मान डोलावली. घर, रात्र, एकटी बाई. बाहेर पाऊस लागला होता आणि पडद्यावरची दारावरची थाप खरीच वाटून मुलगी एकदा उठूनही पाहून आली.

कथा गाठीवर आली तेव्हा स्वामींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राव, तुम्ही पाहिला आहे हा?"

"पाहिला होता," तो म्हणाला. "शेवट आठवत नाही."

"मग बोलू नका," स्वामी म्हणाले, आणि हात तसाच ठेवून पडद्याकडे पाहू लागले.